निर्णय माझा, मग ओझं माझ्या मुलीवर का?

प्रति,
मा. प्रधान सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन
मा. प्रधान सचिव, नगरविकास विभाग आणि ग्रामविकास विभाग
तसेच राज्यात अतिदक्षता विभाग चालवणाऱ्या सर्व सरकारी, धर्मादाय आणि खासगी रुग्णालयांचे व्यवस्थापन

विषय: वैद्यकीय इच्छापत्राचा हक्क प्रत्यक्षात वापरता येण्याबाबत

सविनय नमस्कार.

शेवटच्या आजारात माझ्या शरीरावर कोणते उपचार व्हावेत आणि कोणते होऊ नयेत, हे शुद्धीत असताना लिहून ठेवण्याचा, म्हणजेच वैद्यकीय इच्छापत्र करण्याचा, हक्क सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी मान्य केला. सन्मानाने जगण्याच्या हक्कात सन्मानाने मरण्याचा हक्क येतो आणि तो राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मध्येच सामावलेला आहे, असं पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलं. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने त्यासाठीची किचकट पद्धत बरीच सोपी केली. त्यालाही आता वर्षं लोटली. तरीही हा हक्क वापरायला निघालेल्या माणसाची तुमच्या कार्यालयांत आणि रुग्णालयांत जी गत होते, ती गप्प राहून सोसणं मला पटत नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

मी निवृत्त शिक्षिका आहे. साठी ओलांडली आहे, प्रकृती चांगली आहे, आणि म्हणूनच हे काम आत्ता करायचं ठरवलं. इच्छापत्राचा मसुदा केला. उपचारांचा निर्णय घ्यायची वेळ आली आणि मी बोलण्याच्या स्थितीत नसले, तर माझ्या वतीने कोणी बोलायचं, तिथे मुलीचं आणि भाच्याचं नाव घातलं. दोन साक्षीदारांसमोर सही केली, नोटरीकडून साक्षांकित करून घेतलं. न्यायालयाने सांगितल्याप्रमाणे याची एक प्रत महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीने नेमलेल्या अधिकाऱ्याच्या ताब्यात द्यायची असते. ती घेऊन आमच्या नगरपालिकेत गेले. जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवरून आरोग्य विभागात, तिथून आस्थापना विभागात, तिथून आवक-जावकच्या टेबलावर. तिथल्या बाईंनी शिक्का मारून कागद ठेवून घेतला आणि शेजारच्यांना विचारलं, "हे कोणाला मार्क करू?" कोणालाच सांगता येईना. त्या बाईंना मी दोष देत नाही. त्यांना वरून कोणी काही कळवलंच नव्हतं. मात्र तो कागद आज कोणत्या फायलीत आहे, हे मलाही ठाऊक नाही. उद्या एखादा डॉक्टर खातरजमा करायला नगरपालिकेत फोन लावेल, तर त्यालाही ते कळणार नाही.

एका कागदासाठी एवढं मोठं पत्र कशाला, असं वाटेल. त्याचं कारण माझ्या वडिलांच्या शेवटच्या दिवसांत आहे.

वडील ऐंशीच्या पुढचे होते. मूत्रपिंडं आधीच निकामी होत आली होती, त्यात मेंदूत मोठा रक्तस्राव झाला. धडधाकट होते तेव्हा ते नेहमी म्हणायचे, "मला नळ्या लावून ठेवू नका." घरात सगळ्यांनी ते ऐकलं होतं, पण लिहून कोणी घेतलं नव्हतं. तेव्हा २०१८ चा निकाल लागायचा होता, आणि आमच्यासारख्या घरांत असं काही लिहायचं असतं हे कोणाच्या मनातही येत नसे. रुग्णालयात आयसीयूच्या दाराशी एक तरुण डॉक्टर फॉर्म घेऊन आले. "व्हेंटिलेटर लावायचा का ते घरच्यांनी पटकन ठरवून सांगा." माझा भाऊ थोरला. त्याने सही केली. त्या क्षणी दुसरं काय करणार होता?

पुढे वडिलांचं डोळे उघडणंही थांबलं. त्यातून बाहेर येतील का, असं विचारलं तर डॉक्टर "तशी शक्यता नाही" म्हणायचे. मग व्हेंटिलेटर काढायचा का, असं विचारलं तर म्हणायचे, "तसं आम्हाला करता येत नाही. तुम्ही डामा घेऊन घरी नेऊ शकता." डामा म्हणजे वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर रुग्णाला घेऊन जाणं. काकांना ते मान्य नव्हतं. पोटच्या पोराने बापाचा श्वास तोडला असं लोक म्हणतील, हे त्यांनी आयसीयूच्या बाहेर सगळ्यांसमोर बोलून दाखवलं. ती दुसरी सहीसुद्धा भावानेच केली. वडील घरी आले आणि काही तासांत गेले. त्या तासांत त्यांची धाप कमी करायला आमच्याकडे ना औषध होतं ना नर्स. रुग्णालयाने आम्हाला रुग्णवाहिका दिली आणि डिस्चार्जचा कागद दिला, बाकी काही नाही.

माझा भाऊ हिशोबी, शांत माणूस आहे. पण आजही कुठल्या लग्नात, कुठल्या बाराव्याला हा विषय निघाला की तो स्वतःहून विचारतो, "आपण घाई तर केली नाही ना?" मग थोड्या वेळाने, "की आधीच नको म्हणायला हवं होतं?" दोन्ही प्रश्न तो एकाच माणसाबद्दल, एकाच बैठकीत विचारतो. निर्णय वडिलांचा होता. त्यांनी तो शुद्धीत असताना घेतलेलाही होता. तो ऐकून घेणारी कोणतीही व्यवस्था नव्हती, म्हणून त्याचं ओझं जन्मभरासाठी मुलाच्या अंगावर पडलं.

व्यक्तिस्वातंत्र्याबद्दल आपल्याकडे पुष्कळ बोललं जातं. कोणाशी लग्न करावं, काय शिकावं, कोणत्या देवाला मानावं हे ज्याचं त्याने ठरवावं. हे सगळं मला मान्य आहे. पण निवड करण्याचं स्वातंत्र्य मिळालं की निवडीचा भारही येतो, आणि तो कोणी उचलायचा याची चर्चा फारच कमी होते. स्वतःच्या मरणाबद्दल ठरवणं जड आहे. इच्छापत्र लिहायला बसले तेव्हा मला ते जाणवलं. कृत्रिम श्वास नको या ओळीवर मी बराच वेळ थांबले होते. तरी तो भार मला पेलवतो, कारण जीव माझा आहे आणि विचार करायला माझ्याकडे वेळ आहे. माझं लिहिलेलं वेळेवर कोणाच्या हाती पडलं नाही, तर तोच निर्णय माझ्या मुलीला घ्यावा लागेल. तोही रात्री-अपरात्री, घाबरलेल्या अवस्थेत, अर्धवट माहितीवर आणि नातेवाइकांच्या नजरांखाली.

हे केवळ आमच्या घराचं दुखणं नाही. फ्रान्समधल्या २१ अतिदक्षता विभागांत दाखल झालेल्या रुग्णांच्या नातेवाइकांचा एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्ण अतिदक्षता विभागातून बाहेर पडून किंवा दगावून तीन महिने झाल्यावरही सुमारे एक तृतीयांश नातेवाइकांमध्ये मानसिक आघाताची ठळक लक्षणं होती. ज्यांचा रुग्ण गेला आणि ज्यांना अखेरच्या निर्णयात भाग घ्यावा लागला, त्यांच्यात हे प्रमाण आणखी बरंच जास्त होतं. दुसरा अभ्यास ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नचा, २०१० सालचा. तिथे ऐंशी आणि त्यापुढच्या वयाच्या रुग्णांशी आधीच शांतपणे बोलून, त्यांच्या इच्छा नोंदवून ठेवल्या गेल्या. ज्यांच्याशी असं बोलणं झालं होतं त्यांच्या इच्छा अधिक प्रमाणात पाळल्या गेल्या, आणि त्यांच्या मृत्यूनंतर घरच्यांमध्ये ताण, चिंता, नैराश्य कमी आढळलं. म्हणजे हे ओझं हलकं करता येतं. त्यासाठी आधी विचारावं लागतं आणि लिहिलेलं जपावं लागतं.

आणि हा प्रश्न महाराष्ट्राला नवा आहे असं तुम्ही कृपया म्हणू नका. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये तिथेच हल्ला झाला आणि त्या चार दशकांहून अधिक काळ त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होत्या. त्यांच्या वतीने कोणी बोलायचं, यावर सर्वोच्च न्यायालयात वाद झाला. ज्या लेखिकेने याचिका केली तिने, की ज्या परिचारिकांनी वर्षानुवर्षं त्यांची सेवा केली त्यांनी? ७ मार्च २०११ च्या निकालाने तो मान केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला, आणि उपचार थांबवायला त्यांचा विरोध होता. त्या परिचारिकांच्या मायेबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण त्या सगळ्या खटल्यात खुद्द अरुणाताईंना काय हवं होतं, हे सांगणारी एक ओळही कुठे नव्हती. पंचवीस-सव्विशीच्या मुलीला असं काही लिहून ठेवावंसं वाटावं तरी का? मे २०१५ मध्ये त्या गेल्या. निष्क्रिय दयामरणाचा, म्हणजे जगवणारे उपचार थांबवून मरण येऊ देण्याचा, देशातला कायदा ज्यांच्या खटल्यातून पुढे सरकला त्या आपल्या राज्यातल्या रुग्णालयात होत्या, आणि त्यांच्यामुळे मिळालेला हक्क वापरताना आपल्याच राज्यात कागद कोणाला मार्क करायचा ते कळत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता तक्रारी मांडते.

पहिली तक्रार ताबा-अधिकाऱ्यांबद्दल आहे. मुंबईतले डॉ. निखिल दातार यांनी पाठपुरावा केला, उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, तेव्हा कुठे हे अधिकारी नेमायला सुरुवात झाली. मुंबई महापालिकेने आपल्या २४ विभागांतल्या आरोग्य अधिकाऱ्यांवर ही जबाबदारी सोपवली. राज्यातल्या इतर स्थानिक संस्थांसाठीही नेमणुका केल्याचं शासनाने न्यायालयाला सांगितलं. एका नागरिकाला त्यासाठी न्यायालयाचं दार ठोठवावं लागलं, हे एक. आणि नेमणूक झाली म्हणजे काम झालं असं धरून चालणं, हे दुसरं. नेमलेल्या अधिकाऱ्याचं नाव नगरपालिकेच्या फलकावर नाही. माझ्या माहितीतल्या ग्रामपंचायतींत तर ग्रामसेवकांनी हा शब्दच ऐकलेला नाही. कागद स्वीकारण्याची वेळ ठरलेली नाही, पोचपावतीचा नमुना नाही, नोंदवही नाही. मध्यरात्री एखाद्या आयसीयूतून विचारणा आली तर उत्तर कोणी द्यायचं, हेही ठरलेलं नाही. इच्छापत्र डिजिटल आरोग्य नोंदीत जोडण्याची मुभा न्यायालयाने २०२३ मध्येच दिली आहे. ती सोय सामान्य माणसाला कुठे आणि कशी मिळते, हे सांगणारं एक साधं मराठी पत्रकही मला सापडलं नाही.

दुसरी तक्रार रुग्णालयांबद्दल. भरती होताना तुम्ही आम्हाला विम्याचं विचारता, आधार कार्डाचं विचारता, अनामत रकमेचं विचारता. रुग्णाने काही लिहून ठेवलं आहे का, हे कोणी विचारत नाही. अमेरिकेने १९९० मध्येच कायदा करून सरकारी निधी घेणाऱ्या रुग्णालयांवर हे बंधन घातलं. रुग्णाला त्याचे हक्क लेखी सांगायचे, इच्छापत्र आहे का हे विचारायचं, उत्तर नोंदवायचं, आणि ते असो वा नसो, उपचारांत भेदभाव करायचा नाही. आपल्याकडे यासाठी नवा कायदा येईपर्यंत थांबण्याचीही गरज नाही. भरतीच्या अर्जात एक ओळ वाढवणं रुग्णालयाच्या हातात आहे.

तिसरी तक्रार वैद्यकीय मंडळांची, आणि माझ्या मते खरी अडचण इथेच आहे. न्यायालयाने घालून दिलेली पद्धत अशी: उपचार करणारे डॉक्टर आणि त्या विषयातले, किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले आणखी दोन तज्ज्ञ मिळून पहिलं मंडळ. त्यांचं मत आलं की दुसरं मंडळ. त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने सुचवलेले एक डॉक्टर आणि पहिल्या मंडळात नसलेले दोन तज्ज्ञ. दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. कृती करण्याआधी रुग्णालयाने प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचं. इच्छापत्र नसेल तर जवळच्या नातेवाइकांच्या संमतीने हीच वाट. २०१८ च्या मूळ पद्धतीत वीस वर्षांच्या अनुभवाची अट होती, दुसरं मंडळ जिल्हाधिकाऱ्यांनी नेमायचं होतं आणि न्यायदंडाधिकाऱ्यांनी स्वतः येऊन रुग्णाला पाहायचं होतं. ते जमणार नाही, हे अतिदक्षता तज्ज्ञांच्या संघटनेनेच न्यायालयाच्या निदर्शनास आणलं आणि म्हणून पद्धत बदलली. आता ती राबवता येण्याजोगी आहे. पण जिल्ह्यातून तो एक डॉक्टर कोण, हे आधी ठरलेलं नसेल तर ४८ तास त्यालाच शोधण्यात जातात, आणि मग रुग्णालय म्हणतं, डामा घ्या. कर्नाटकाने जानेवारी २०२५ मध्ये आदेश काढून अशा डॉक्टरांची आधी नियुक्ती करायला सांगितलं. शेजारच्या राज्याला जमतं ते आपल्याला का जमू नये?

चौथी तक्रार या डामाचीच. कायद्याची वाट उपलब्ध असताना कुटुंबाला आडवाटेने बाहेर काढणं हा अन्याय आहे. त्या फॉर्मवर सही करणारा मुलगा कागदोपत्री गुन्हेगारासारखा दिसतो. डॉक्टरांचा सल्ला धुडकावून बापाला घेऊन गेला, असं तो कागद म्हणतो. खरं तर डॉक्टरांनीच त्याला ती वाट दाखवलेली असते. रुग्णालयाचं अंग सुटतं आणि नैतिक भार पूर्णपणे घरच्यांवर पडतो. शिवाय घरी गेलेल्या रुग्णाच्या वेदनेची, श्वासाच्या त्रासाची जबाबदारी कोणाचीच राहत नाही. उपचार थांबवणं म्हणजे रुग्णाला सोडून देणं नव्हे, हे न्यायालयाने मान्य केलेल्या पद्धतीत गृहीत आहे. यंत्र काढलं तरी वेदनाशमन चालूच राहिलं पाहिजे. मॉर्फिन हे वेदनाशामक मिळण्यातले अडथळे कमी व्हावेत म्हणून अमली पदार्थांच्या कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती झाली. तरी तालुक्याच्या ठिकाणी ते मिळवून पाहा.

डॉक्टरांची बाजू मला दिसत नाही असं नाही. उद्या पोलीस केस झाली, नातेवाइकांनी तोडफोड केली, समाजमाध्यमांवर नाव आलं, तर त्यांच्यामागे कोण उभं राहणार? केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये जीवरक्षक यंत्रणा काढण्याबाबतच्या मार्गदर्शक सूचनांचा मसुदा जाहीर केला, तेव्हा डॉक्टरांच्या संघटनेने नेमकी हीच भीती बोलून दाखवली. ही भीती खरी आहे. पण तिच्यावरचा उपाय म्हणजे निर्णय रुग्णाच्या मुलावर ढकलणं नव्हे. पद्धत पाळणाऱ्या डॉक्टरच्या पाठीशी शासनाने लेखी उभं राहावं.

आणखी एक शंका आहे आणि तिला मी सर्वांत गांभीर्याने घेते. गरीब, वृद्ध, अपंग, एकट्या बायका यांच्यावर "लिहून द्या" असा दबाव येणार नाही का? बिल वाढतंय म्हणून, घरात जागा नाही म्हणून, जमिनीची वाटणी अडली आहे म्हणून? येऊ शकतो. मी चाळीत राहिले आहे, अडचणीतली घरं जवळून पाहिली आहेत, त्यामुळे हे अशक्य आहे असं मी म्हणणार नाही. म्हणूनच इच्छापत्र कोणावर लादलं जाता कामा नये. विमा कंपनीने ते मागू नये, वृद्धाश्रमाने प्रवेशाची अट म्हणून ते घेऊ नये, रुग्णालयाने खाट रिकामी करण्यासाठी त्याचा विषय काढू नये. साक्षीदार शक्यतो स्वतंत्र असावेत असं न्यायालयाने म्हटलंच आहे, तेही कसोशीने पाळलं जावं. आणि लिहिलेलं कधीही बदलता किंवा रद्द करता येतं, हे प्रत्येकाला त्याच्या भाषेत सांगितलं जावं.

एखाद्याला शेवटच्या श्वासापर्यंत सगळे उपचार हवे असतील, तर तेही त्याने लिहावं आणि तेही तितक्याच आदराने पाळलं जावं. माझी धाकटी बहीण त्या मताची आहे. यंत्रावरचा एक दिवससुद्धा तिला हवा आहे. आमचं यावर कधीच जमत नाही, आणि जमायची गरजही नाही. तिसरी एक मैत्रीण म्हणते, मला यातलं काहीच ठरवायचं नाही, माझ्या नवऱ्याने ठरवावं, त्याच्यावर माझा विश्वास आहे. हीसुद्धा निवड आहे. स्वतः न ठरवण्याचं स्वातंत्र्यही स्वातंत्र्यच असतं, फक्त तिने ते नवऱ्याला आणि डॉक्टरांना आधी सांगितलेलं असावं, म्हणजे वेळ येईल तेव्हा तो एकटा पडणार नाही.

विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारच्या आश्रमात अन्न आणि औषध नाकारलं आणि देह ठेवला. सगळा महाराष्ट्र त्यांच्यापुढे नतमस्तक झाला. ते शुद्धीत होते, भोवती त्यांना समजून घेणारी माणसं होती, आणि त्यांच्या शब्दाला वजन होतं. साध्या माणसाचा शब्द त्याची शुद्ध हरपल्यावर कोण ऐकणार? त्याच्यासाठीच तर न्यायालयाने कागदाची सोय केली. गोव्यात मे २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं इच्छापत्र जाहीरपणे नोंदवलं. आपले मंत्री, सचिव, महापौर, नामवंत डॉक्टर असं पुढे आले तर लोकांची भीड चेपेल. पण ती माझी मागणी नाही. ज्याचं त्याने ठरवावं.

माझ्या मागण्या अशा आहेत.

राज्यातल्या प्रत्येक महापालिका, नगरपालिका, नगरपंचायत आणि ग्रामपंचायतीत इच्छापत्र ताब्यात घेणाऱ्या अधिकाऱ्याचं पद, बसण्याची जागा आणि वेळ दर्शनी भागात लावावी आणि संकेतस्थळावरही द्यावी. कागद घेतल्यावर क्रमांकासह पोचपावती द्यावी. रुग्णालयाला दिवसा किंवा रात्री कधीही खातरजमा करता येईल अशी राज्यव्यापी नोंद ठेवावी, आणि ती पाहण्याचा अधिकार फक्त उपचार करणाऱ्यांना आणि स्वतः लिहिणाऱ्याला असावा. माझ्या मरणाबद्दलचा कागद शेजाऱ्याला वाचता येता कामा नये.

इच्छापत्राचा नमुना सोप्या मराठीत, आणि राज्यात बोलल्या जाणाऱ्या इतर भाषांतही, सरकारी दवाखान्यात मोफत मिळावा. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांना तो समजावून सांगण्याची सोय असावी.

अतिदक्षता विभाग असलेल्या प्रत्येक रुग्णालयाने भरतीच्या वेळी एक प्रश्न विचारावा आणि उत्तर केस पेपरवर नोंदवावं: तुम्ही उपचारांबाबत काही लिहून ठेवलं आहे का, आणि तुमच्या वतीने कोणी बोलावं असं तुम्हाला वाटतं? याहून पुढे कोणताही आग्रह नको.

प्रत्येक जिल्ह्यात दुसऱ्या मंडळासाठीच्या डॉक्टरांची यादी आधीच तयार ठेवावी. ही पद्धत पाळणाऱ्या डॉक्टरांना शासनाचं संरक्षण आहे असं स्पष्ट परिपत्रक काढावं आणि त्याच्या प्रती पोलीस ठाण्यांपर्यंत पोहोचवाव्यात.

ज्या रुग्णाच्या बरं होण्याची आशा डॉक्टरांनीच सोडली आहे, त्याच्या घरच्यांना डामाचा फॉर्म पुढे करण्याआधी न्यायालयाने दिलेल्या पद्धतीची लेखी माहिती देणं बंधनकारक करावं. घरी नेणाऱ्या कुटुंबासोबत वेदनाशमनाची औषधं आणि फोनवर उत्तर देणारा माणूस असावा. केरळने २००८ मध्ये परिहार सेवेचं, म्हणजे बरा न होणाऱ्या रुग्णाचा त्रास कमी करणाऱ्या शुश्रूषेचं, धोरण आखलं आणि गावपातळीवर घरी जाऊन सेवा देणारी पथकं उभी केली. ते पाहायला अधिकारी पाठवावेत.

आयसीयूबाहेर नातेवाइकांशी बोलायला वेगळी खोली आणि थोडा वेळ द्यावा. जिन्यात, लिफ्टच्या दारात, उभ्या-उभ्या असे निर्णय मागू नयेत. याला पैसे फारसे लागत नाहीत.

यातल्या कोणत्या गोष्टी शासन करणार, कोणत्या तारखेपर्यंत करणार आणि कोणत्या करणार नाही, हे लेखी आणि जाहीरपणे कळवावं ही विनंती. "कार्यवाही सुरू आहे" या उत्तराने माझं समाधान होणार नाही.

आणि हे पत्र वाचणाऱ्या इतरांना एवढंच सांगणं आहे: आपापल्या पालिकेत किंवा पंचायतीत लेखी अर्ज करून विचारा, की वैद्यकीय इच्छापत्र ताब्यात घेणारा अधिकारी कोण आहे. अर्जाची पोच घ्या आणि मिळेल ते उत्तर शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवा.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका